माप कुणाच्या घरचे?

नरकचतुर्दशीची पहाट. न्हाणीघरात पाटावर बसवलेले दीड-दोन वर्षांचे मूल. आजी त्याच्या अंगाला कोमट तेल चोळते, मग उटणे लावते. एक नातवंड तेल लावताना सुखाने डोळे मिटून घेते आणि उटण्याचा खरखरीत हात लागला की किंचाळते. दुसऱ्याला उटण्याचे काही वाटत नाही. पण शेजारच्या अंगणात पहिला फटाका वाजला की ते आईच्या मानेत तोंड खुपसते आणि तासभर वर काढत नाही. तिसऱ्याला उटणे, कढत पाणी, फटाका, कशाचेच काही नसते. ते उटण्याची वाटीच तोंडात घालू पाहते. आजीजवळ या तिघांसाठी तीन शब्द तयार असतात: नाजूक, भित्रे आणि दांडगे.

हीच तीन मुले आज एखाद्या बालविकास केंद्रात नेली, तर तिथे त्यांच्यासाठी दुसरे शब्द असतात. आईच्या हातात एक प्रश्नावली दिली जाते. मूल अमुक आवाजाला दचकते का, तमुक स्पर्श टाळते का, झोके घ्यायला किती आसुसते, अंगाला चिकट काही लागले तर काय करते, असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे ‘जवळजवळ नेहमी’पासून ‘जवळजवळ कधीच नाही’पर्यंत पाच घरे. उत्तरांची बेरीज होते, ती एका तक्त्याशी ताडून पाहिली जाते आणि मूल ‘सर्वसाधारण’ की ‘वेगळे’ हे ठरते. त्या निर्णयावर पुढची काही वर्षे अवलंबून असतात: उपचार, शाळा, खर्च आणि आईवडिलांची झोपही.

तक्त्यातले आकडे मात्र कुठल्या तरी मुलांकडून आलेले असतात. ती मुले कोणती? आपल्याकडे दशमान पद्धत १९५८पासून लागू होऊ लागली. त्याआधी शेर आणि पायली गावागणिक वेगळी असे. परगावच्या बाजारात धान्य घेणारा शहाणा माणूस भाव विचारण्याआधी विचारी, ‘माप कुठले?’ मुलांच्या मोजमापाच्या इतिहासात हाच प्रश्न वारंवार विचारावा लागला आहे आणि बहुतेक वेळा तो उशिरा विचारला गेला आहे.

या इतिहासाची सुरुवात पॅरिसमध्ये होते. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत मिळावी म्हणून काही सोप्या कसोट्या रचल्या. त्या पॅरिसच्या शाळांसाठी होत्या आणि कसोटीचा निकाल म्हणजे मुलाच्या बुद्धीची कायमची मर्यादा नव्हे, हे बिनेने बजावून सांगितले होते. ही कसोटी हेन्री गोडार्ड यांनी अमेरिकेत नेली. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे मंदबुद्धी ठरवलेल्या मुलांची एक संस्था होती. तिथे ते संशोधन करत. १९१३ साली त्यांनी ही कसोटी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांना लावली. आठवडेच्या आठवडे बोटीच्या तळाशी काढलेली, दुभाष्यामार्फत बोलणारी, हातात कधी पेन्सिल न धरलेली माणसे. निवडक लोकांच्या त्या छोट्या गटात ८३ टक्के ज्यू आणि ७९ टक्के इटालियन ‘मंदबुद्धी’ निघाले. खुद्द गोडार्डनाही हे आकडे चमत्कारिक वाटले. पण आकडा एकदा छापला गेला की त्याच्यामागची शंका छपाईत मागे पडते.

त्याच बेटावर हॉवर्ड नॉक्स नावाचे एक सरकारी डॉक्टर काम करत होते. भाषेमुळे माणसे नापास होतात हे ते रोज पाहत होते. त्यांनी चार ठोकळे ओळीत मांडले आणि पाचव्या ठोकळ्याने ते ठरावीक क्रमाने ठोकून दाखवायचे. समोरच्याने तसेच करायचे, अशी कसोटी काढली. एका संस्कृतीतले माप दुसरीत नेताना काहीतरी बदलावे लागते, याची ही एक लवकरची कबुली. पण नॉक्स यांनी फक्त शब्द काढून टाकले होते. अनोळखी अधिकाऱ्यासमोर बसून त्याची नक्कल करणे हे ज्याला कधी करावे लागले नाही, त्याच्यासाठी ठोकळेही परकेच होते.

बिनेची कसोटी हिंदुस्थानात आली ती लाहोरमार्गे. तिथल्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. हर्बर्ट राइस यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी तिचे हिंदुस्थानी रूपांतर केले. मराठी वाचकाला जवळचे नाव मात्र डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागातील कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बिने मापनश्रेणी नव्याने बसवली. त्यासंबंधीचा त्यांचा लेख १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचे पुस्तक काढले. कामतांच्या कामाचा खरा विशेष असा, की त्यांनी भाषांतरावर थांबणे नाकारले. कसोट्या इथल्या मुलांवर वापरून पाहिल्या आणि कोणत्या वयाला काय जमते हे इथल्या मुलांकडूनच ठरवून घेतले. ‘बिने-कामत’ हे जोडनाव आजही महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या अनेक रुग्णालयांत रोज उच्चारले जाते. इतक्या जुन्या मापाचा वापर आजही व्हावा याबद्दल तक्रार करता येईल. पण त्या काळात ‘माप कुठले?’ हा प्रश्न विचारल्याचे श्रेय कामतांना द्यावेच लागेल.

बुद्धीचे माप शाळकरी मुलांचे होते. तान्ह्या आणि रांगत्या मुलांकडे वळणारा मोठा अभ्यासक म्हणजे येल विद्यापीठातील आर्नल्ड गेसेल. मूल कधी मान धरते, कधी बसते, कधी दोन ठोकळे एकावर एक ठेवते, याच्या बारकाईने नोंदी त्यांनी चित्रफितींच्या साहाय्याने केल्या. त्यांच्या तक्त्यामागची बाळे होती न्यू हेवन गावातल्या मध्यमवर्गीय, उत्तर युरोपीय वंशाच्या कुटुंबांतली. पुढे नॅन्सी बेली यांनी १९६९ साली १२६२ अमेरिकी बाळांच्या आधारे आपली मापनश्रेणी प्रसिद्ध केली. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी बेलींची श्रेणी भारतीय बाळांसाठी नव्याने प्रमाणित केली. १९७० साली तयार झालेल्या आणि १९९७ साली सुधारलेल्या या श्रेणीला आपले डॉक्टर ‘डासी’ म्हणतात. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी तिच्यात हालचालींची ६७ आणि बौद्धिक विकासाची १६३ पदे आहेत. मूल वेळेआधी जन्मले किंवा जन्मताना त्रास झाला, तर पुढच्या तपासण्यांत आजही हीच श्रेणी अनेक ठिकाणी वापरतात.

पण बसणे, रांगणे, चालणे या तर निसर्गाने नेमून दिलेल्या गोष्टी. त्यात संस्कृतीचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. १९७६ साली चार्ल्स सुपर यांनी केनियातील किप्सिगिस समाजाच्या बाळांविषयी लिहिले. ही बाळे अमेरिकी बाळांपेक्षा लवकर बसत आणि चालत. तोवर अशा निरीक्षणांवरून वंशाचे सिद्धान्त मांडले जात होते. सुपर यांनी घरात काय चालते ते पाहिले. तिथल्या आया बाळाला बसायला शिकवत: जमिनीत छोटा खळगा करून, भोवती कापड खोचून त्याला त्यात टेकवून ठेवत. चालायलाही शिकवत. जे शिकवले जात नव्हते त्यात ही बाळे पुढे नव्हती. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. निरोगी मूल स्वतंत्रपणे चालू लागण्याचा काळ सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला दिसला, आणि ४ टक्क्यांहून थोडी अधिक मुले हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नव्हती. ‘रांगत नाही’ म्हणून हवालदिल झालेल्या किती घरांना हा आकडा वेळेवर कळायला हवा होता!

चालणे निदान डोळ्यांना दिसते. स्पर्श कसा लागतो, आवाज कसा ऐकू येतो हे दुसऱ्याला दिसत नाही. या अदृश्य भागाचे मोजमाप हा या इतिहासातला अलीकडचा आणि सर्वांत अवघड टप्पा.

तो सुरू केला ए. जीन आयर्स या कॅलिफोर्नियातील ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचारतज्ज्ञ, बाईंनी. डोळे आणि कान यांच्या जोडीला त्वचा, स्नायू-सांधे आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय यांच्याकडून मेंदूला सतत संदेश जात असतात. ते नीट लावून घेता आले नाहीत, तर मुलाचे शिकणे आणि वागणे दोन्ही अडखळते, असे त्यांनी १९७२च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यांच्या सिद्धान्तावर आणि त्यातून निघालेल्या उपचारांच्या परिणामकारकतेवर आजवर वाद होत आले आहेत. तरी एक गोष्ट त्यांनी कायमची बदलली: हट्टी, बावळट, भित्रे म्हणून ज्यांना ओरडा बसे, त्या मुलांना कदाचित काहीतरी वेगळेच जाणवत असेल, ही शक्यता त्यांनी अभ्यासाचा विषय केली.

आयर्स यांच्या कसोट्या चार वर्षांपुढच्या मुलांसाठी होत्या. मुलाने त्या स्वतः करून दाखवायच्या. दोन वर्षांचे मूल असे काही करून दाखवत नाही. त्यामुळे विनी डन यांनी पालकांना विचारण्याचा मार्ग घेतला. १९९९ साली त्यांची ‘सेन्सरी प्रोफाइल’ आली. १२५ प्रश्न, आणि तक्त्यामागे ३ ते १० वर्षांची, अपंगत्व नसलेली १०३७ अमेरिकी मुले. २००२ साली जन्मापासून ३६ महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी वेगळी प्रश्नावली आली. डन यांनी मुलांचे चार कल सांगितले: संवेदना उशिरा जाणवणारी, संवेदना शोधत फिरणारी, चटकन जाणवून बेचैन होणारी आणि जाणवू नये म्हणून दूर पळणारी. आपल्या उटण्याची वाटी चाटणाऱ्या आणि फटाक्याला लपणाऱ्या मुलांना इथे जागा मिळते. तीही दोष न देता. २०१३ साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने स्वमग्नतेच्या निकषांत संवेदनांना अति किंवा अल्प प्रतिसाद देण्याचा समावेश केला, आणि या प्रश्नावल्यांचे महत्त्व जगभर वाढले. हिब्रू आवृत्ती मूळ इंग्रजीशी भाषेने कितपत जुळते, याचा अभ्यास त्याआधीच, २००४ साली, प्रसिद्ध झाला होता. इतर भाषांतही असे काम झाले.

ज्या व्यवसायातून हे सारे निघाले तो आपल्याकडे आला त्याची गोष्ट मराठी घरातूनच जाते. अमेरिकेत क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून कमला निंबकर झाल्या. त्यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. ती भारतातली पहिली. फलटणचे बी. व्ही. निंबकर हे त्यांचे चिरंजीव आणि लेखिका जाई निंबकर या सूनबाई. परदेशात शिकलेली विद्या या देशातल्या हातांना आणि घरांना कशी लागू करायची, हा प्रश्न कमलाबाईंसमोर रोज उभा असणार. तोच प्रश्न आज प्रश्नावलीच्या रूपाने त्यांच्या वारसांसमोर आहे.

कल्पना करू, की अशी एखादी प्रश्नावली मराठीत आणायची आहे. पहिला अडथळा शब्दांचा. भाषांतर तपासण्याची रूढ रीत म्हणजे उलट भाषांतर: मराठी मजकूर दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत करायचा आणि मुळाशी ताडायचा. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली ही रीत शास्त्रशुद्ध रूपात मांडली. पण मराठीत लोकर टोचते, थंडी बोचते, डोळ्यात कण खुपतो, पायात काटा रुततो आणि जखमेला मीठ झोंबते. यातले तीन-चार शब्द इंग्रजीत परत गेले की एकाच शब्दात विरून जातात. म्हणजे चुकीचा शब्द घेतला तरी उलट भाषांतर त्याला पास करील. त्याहून नाजूक प्रश्न क्रियापदाचा. नखे कापताना मूल ‘त्रास करून घेते’, ‘किरकिर करते’ की ‘हट्ट करते’? ‘त्रास’ म्हटले की आईला आजार आठवतो आणि ती ‘नाही’ म्हणते. ‘हट्ट’ म्हटले की तिला आपल्या वळणाची परीक्षा वाटते आणि तेव्हाही ती ‘नाही’ म्हणते. ‘किरकिर’ म्हटले तर हसून म्हणते, ‘करायचीच, लहान आहे.’ मूल एकच. शब्द बदलला की गुण बदलतात.

दुसरा अडथळा प्रसंगांचा. अमेरिकी प्रश्नावलीत अचानक होणाऱ्या मोठ्या आवाजाचे उदाहरण म्हणून व्हॅक्यूम क्लीनर किंवा हेअर ड्रायर येतो. त्या जागी कुकरची शिट्टी घालणे सोपे. पण कुकरची शिट्टी मूल जन्मल्यापासून रोज ऐकत असते. तिला दचकणाऱ्या मुलाचा अर्थ अधूनमधून फिरणाऱ्या यंत्राला दचकणाऱ्या मुलापेक्षा वेगळा असू शकतो. दोन वर्षांच्या मुलाला आपल्याकडे पुष्कळ घरांत मांडीवर घेऊन वरणभात भरवतात. मग ‘हात बरबटले तर चालतात का’ याचे उत्तर आई कशावरून देणार? पसरलेल्या पायांवर पालथे घालून न्हाऊ घातलेले, झोळीत झोपलेले, अनवाणी अंगणात हिंडलेले मूल आणि गालिच्यावर वाढलेले, गाडीत आपल्या खुर्चीला पट्ट्याने बांधलेले मूल, या दोघांच्या दिवसात त्वचेला आणि तोलाच्या इंद्रियाला मिळणारा खुराकच वेगळा. शिवाय आई नोकरीला जात असेल तर दिवसभराचे मूल आजीला किंवा पाळणाघरातल्या ताईंना ठाऊक. उत्तर कुणी द्यायचे, हेही ठरवावे लागते.

तिसरा अडथळा तक्त्याचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. अशा प्रश्नावलीत सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांपलीकडे गेलेले मूल ‘निश्चित वेगळे’ धरले जाते. गुणांची विभागणी नेहमीसारखी असेल, तर एका टोकाला शंभरात साधारण दोन मुले तिथे जातात. आता समजा, एखाद्या समाजात, केवळ तिथल्या वाढवण्याच्या पद्धतीमुळे किंवा आयांच्या उत्तर देण्याच्या पद्धतीमुळे, सरासरीच एका विचलनाने सरकलेली आहे. तक्ता मात्र परका. तर त्याच रेषेपलीकडे शंभरात सोळा मुले जातील. एकाही मुलात काही बदललेले नाही. बदलली ती पायली. आणि सरासरी उलट दिशेने सरकली असेल, तर ज्या मुलाला खरोखर मदत हवी ते ‘सर्वसाधारण’ म्हणून घरी पाठवले जाईल.

या दुसऱ्या चुकीबद्दल आपण कमी बोलतो. परक्या मापाने आपल्या मुलांना उगाच नावे ठेवली जातात हे म्हणणे आपल्याला रुचते, कारण त्यात आपला अभिमान सुखावतो. पण ‘आमच्याकडे मुले अशीच असतात’ हेही एक मापच आहे, आणि तेही चुकू शकते. जे मूल प्रत्येक आंघोळीला जिवाच्या आकांताने रडते, गर्दीत कान झाकून भिंतीला टेकते, मऊ भाताखेरीज काही तोंडात ठेवू शकत नाही, त्याला ‘सवय होईल’ म्हणून धरून ठेवणारे हात प्रेमळच असतात. तरी त्या मुलाचे हाल कमी होत नाहीत. संस्कृतीचा आदर म्हणजे प्रश्न सैल करणे नव्हे. इथल्या मुलांत खरोखर कोण अडचणीत आहे हे ओळखता यावे, एवढ्यासाठीच माप इथे बसवायचे.

हे करता येते. मलावीमध्ये आधी पाश्चात्त्य चाचण्या बदलून वापरता येतात का ते पाहिले गेले. ती मर्यादा ध्यानात आल्यावर मेलिसा ग्लॅडस्टोन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांत रुजलेली विकासचाचणी तयार केली आणि २०१० साली प्रसिद्ध केली. आपल्याकडे तीन वर्षांपुढील स्वमग्नतेसाठी २००९ साली सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने भारतीय मापनश्रेणी केली; तिच्या ४० प्रश्नांत संवेदनांचा स्वतंत्र विभाग आहे. २०१६च्या अपंग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. म्हणजे कागदावरच्या गुणांना आता हक्काचेही वजन आले. मात्र मदतीचा सर्वांत मोलाचा काळ तीन वर्षांच्या आतला, आणि तिथे आईच्या शब्दांवाचून दुसरा साक्षीदार नाही.

म्हणून काम घरांतूनच सुरू करावे लागेल. चाळीतल्या, गडचिरोलीच्या पाड्यावरच्या, कोकणातल्या वाडीवरच्या, पुण्याच्या सोसायटीतल्या आयांना आणि आज्यांना आधी नुसते विचारायचे: तुमच्या मुलाला दिवसभरात काय काय लागते, ऐकू येते, चाखायला मिळते? त्यातले कशाने ते खुलते, कशाने आक्रसते? तेव्हा तुम्ही काय म्हणता? प्रश्न त्यातून घडवायचे, मग शेकडो मुलांवर मोजून तक्ता बांधायचा. कामतांनी आणि फाटकबाईंनी हेच केले होते. गोडार्डनी जिथे परक्यांना मापायची विद्या घडवली, त्या न्यू जर्सीत आज कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. नातवंडासाठी तिकडे गेलेली आजी बाथटबाशेजारी उटण्याची वाटी घेऊन बसते. त्या नातवंडाला कोणता तक्ता लावायचा, याचे उत्तर सोपे नाही.

या दिवाळीत आपल्या घरातले एखादे मूल उटण्याला किंवा फटाक्याला रडेल. ते नाजूक आहे की भित्रे, हे ठरवण्याची घाई नको. त्याला तेव्हा काय जाणवते हे जरा बघू. आणि ते रडणे रोजचेच होत असेल, तर तज्ज्ञाकडे जाऊ; जाताना हातात आलेल्या प्रश्नावलीला तो जुना बाजारातला प्रश्न विचारायला मात्र विसरू नये.